नीरा, वाल आणि उशिराचा सन्मान

मुंबईच्या फोर्ट भागातील ही पिवळसर दगडी इमारत विज्ञान संस्थेची आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास येथील जीवरसायनशास्त्र विभागात डॉ. कमला सोहोनी अध्यापनासाठी आल्या, तेव्हा केंब्रिजची डॉक्टरेट त्यांच्या गाठीशी होती. मात्र त्या डॉक्टरेटपर्यंतचा रस्ता बंगळूरमधल्या एका नकारापासून सुरू झाला होता.

१९११ साली इंदूरमध्ये भागवतांच्या घरी त्यांचा जन्म झाला. विदुषी दुर्गा भागवत त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील आणि काका, दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटचे, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेचे विद्यार्थी. त्यामुळे १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी अव्वल क्रमांकाने मिळवल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज करावा, हे स्वाभाविकच होते. संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी केवळ मुलगी असल्याच्या कारणावरून तो नाकारला. कमलाबाईंनी थेट त्यांच्यापुढे सत्याग्रहाची भाषा केली, तेव्हा प्रवेश मिळाला. पण तोही वर्षभराच्या परीक्षणाच्या अटीवर, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री काम करण्याच्या अटीवर आणि पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होऊ नये अशा, आज वाचतानाही खटकणाऱ्या अटीवर. वर्षाअखेरीस रामन यांचे मत बदलले आणि संस्थेची दारे इतर मुलींसाठीही उघडली. नोबेल मिळवलेल्या माणसालाही एका विद्यार्थिनीची पात्रता ओळखायला वर्ष लागले, याची नोंद इथे करायलाच हवी.

बंगळूरला श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि डाळी-कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर संशोधन करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींमध्ये 'सायटोक्रोम सी' आढळले. पेशींच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवणारे हे प्रथिन प्राण्यांप्रमाणे वनस्पतींतही कार्य करते, हा त्या शोधाचा अर्थ. हे काम त्यांनी अवघ्या चौदा महिन्यांत पूर्ण केले आणि प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. जाडजूड प्रबंधांची सवय झालेल्या आपल्या विद्यापीठांनी हा आकडा जरूर पाहावा. १९३९ मध्ये पदवी घेऊन त्या मायदेशी परतल्या. विज्ञानशाखेत डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते.

दिल्ली आणि कुन्नूर येथील नोकऱ्यांनंतर, १९४७ मध्ये विवाह झाल्यावर, त्या मुंबईत स्थिरावल्या. येथे विद्यार्थ्यांना सोबत घेऊन त्यांनी जे विषय हाती घेतले, ते गरिबाच्या ताटातले होते. वाल आणि डबल बीन यांमधून ट्रिप्सिन या पाचक विकराला अटकाव करणारी प्रथिने स्फटिकरूपात वेगळी केल्याचा, सहकाऱ्यासोबत लिहिलेला त्यांचा निबंध १९५५ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. अशी रोधक प्रथिने खाल्लेल्या अन्नातील प्रथिनांचे पचन अडवतात. शिजवताना उष्णतेने त्यांचा जोर बराचसा ओसरतो. वालाचे बिरडे चुलीवर नीट शिजू देणाऱ्या गृहिणीला हे रसायन ठाऊक नसले, तरी तिची रीत योग्यच होती.

त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला तो मात्र नीरेमुळे. डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ताडवर्गीय झाडांच्या या गोड रसाचा अभ्यास केला. त्यात जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे, आणि रस आटवून गूळ केल्यावरही ही पोषकद्रव्ये टिकून राहत असल्याचे त्यांनी दाखवले. कुपोषित आदिवासी मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसून आली. प्रयोगशाळेतील निष्कर्ष माणसांपर्यंत पोहोचल्याची दखल घेणारा तो पुरस्कार होता, म्हणून तो मला इतर मानचिन्हांहून मोलाचा वाटतो.

मुंबईच्या विज्ञान संस्थेतील पदोन्नती इतकी सरळ नव्हती. संचालकपद त्यांच्याकडे काही वर्षे उशिराने आले, आणि त्यामागे त्या स्त्री असणे हेच कारण होते असे मानले जाते. अधिकारपदांतून मोकळे झाल्यावरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहकसंस्थेच्या कामात त्यांचा सक्रिय सहभाग होता. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष होत्या, आणि संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात ग्राहकांसाठी लिहीतही होत्या.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा गौरव केला, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. त्याच समारंभात त्या कोसळल्या, आणि त्यानंतर थोड्याच काळात, १९९८ मध्ये, त्यांचे निधन झाले.