फोटो ‘काढणं’

हिंदीत फोटो खेचतात, आपण काढतो. विहिरीतून पाणी काढतो, पायातला काटा काढतो, तसाच फोटो. आत आहे ते बाहेर आणायचं. छायाचित्रकार गौतम राजाध्यक्षांच्या कारकिर्दीवर मला बोलायचंय ते या एका क्रियापदाच्या आधारानं. त्यांनी काढलेल्या माधुरी, लताबाई तुमच्या डोळ्यांसमोर आहेतच, त्यांचं वर्णन करत बसत नाही.

पण आधी आमच्या सांगलीच्या स्टुडिओतली एक गोष्ट. वडील निगेटिव्हवर शिसपेन्सिलनं रिटचिंग करायचे. सुरकुती निगेटिव्हवर पारदर्शक दिसते. तिथं पेन्सिल फिरवली की प्रिंटवर ती उजळ होऊन मिटते. तासन्‌तास चालायचं ते काम. माणूस दहा वर्षांनी तरुण व्हायचा आणि गिऱ्हाईक खूश! मी ते शिकलो, पण माझा जीव त्यात रमला नाही.

एकदा संगीत रंगभूमीवरच्या एक वृद्ध अभिनेत्री आल्या. एकशेवीसचा फिल्मरोल, म्हणजे बारा फ्रेम. आठ फ्रेम झाल्या तरी बाई चेहरा सोडेनात. चाळीस वर्षं शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलेला तो चेहरा, हनुवटी वर, डोळे मोठे. तेवढ्यात वीज गेली. फ्लॅश बंद. बाईंना वाटलं, संपलं. त्यांनी पानाचा डबा उघडला, देठ खुडता खुडता विचारलं, “तुझे वडील गेले तेव्हा फार त्रास झाला का रे त्यांना?” मी उत्तर देत होतो आणि त्या ऐकत होत्या. खिडकीचा उजेड गालावर. कॅमेरा स्टँडवर होताच, शटर पंधरांश सेकंदावर आणलं. नववी फ्रेम.

बाई गेल्या तेव्हा एका दैनिकानं पहिल्या पानावर तीच फ्रेम छापली. खाली शब्द होता, ‘संग्रहित’. मी फोन केला. पलीकडचे म्हणाले, “फार सुंदर फोटो आहे हो, कुणी काढलाय?” मंडळी, पुस्तकावर लेखकाचं नाव असतं, गाण्याला संगीतकाराचं. फोटो मात्र संग्रहित! कुणी संग्रहित केला? तो कुणीतरी थांबून, बोलून, ऐकून काढलेला असतो. हा शब्द मला आजही लागतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर राजाध्यक्ष. ते या धंद्यात आले लेखणीच्या वाटेनं. 1974 मध्ये लिंटास या जाहिरात कंपनीत कॉपीरायटर, पुढे तिथल्याच छायाचित्रण विभागाचे प्रमुख. 1980 मध्ये शबाना आझमी, टीना मुनीम, जॅकी श्रॉफ यांचे फोटो काढले. नोकरी सोडली 1987 मध्ये. कॉपीरायटर पानभर मजकुरातून एक ओळ शोधतो. माझं म्हणणं असं, की ते चेहऱ्यातही तीच ओळ शोधत राहिले. फॅशनच्या फोटोत कपडा बोलतो. त्यांच्या फोटोत साडी, दागिने, सगळं असूनही नजर आधी डोळ्यांकडे जाते.

1997 चं त्यांचं ‘फेसेस’ हे पुस्तक घ्या. दुर्गा खोटे ते ऐश्वर्या राय, 45 कलावंत, आणि फोटोंच्या जोडीला व्यक्तिचित्रं. ‘चंदेरी’ या सिनेनियतकालिकाचं संपादन केलं, पटकथा लिहिल्या. ‘नट्यांना सुंदर दाखवणारे’ एवढीच त्यांची ओळख करून देतात, ती मला मान्य नाही. ‘चेहरे’ या पुस्तकात त्यांनी आपली मराठी माणसं त्याच मायेनं उजेडात बसवली. 13 सप्टेंबर 2011 ला ते गेले, एकसष्टाव्या वाढदिवसाला तीन दिवस होते.

प्रकाशयोजनेवर बोलायचं राहिलं. दारापाशी टेबलावर ती नववी फ्रेम ठेवली आहे. खाली बाईंचं नाव आहे, माझंही आहे. जाताना बघा. गालावरचा उजेड डावीकडून येतोय, ती आमची खिडकी.