घड्याळात न मावणारा स्वयंपाक

मित्रहो, दूरचित्रवाणीवरच्या पाककला स्पर्धांनी आपल्या घरचा स्वयंपाक सुधारला की बिघडवला, अशा विषयावर बोलण्यासाठी आपण मला बोलावले आहे. एका शब्दात उत्तर द्यायचे तर ‘सुधारला’ असेच मी म्हणेन. मात्र या स्पर्धा जिथून सुरू होतात तिथे पोहोचेपर्यंत आपल्याकडचा निम्मा स्वयंपाक होऊन गेलेला असतो. तो निम्मा भाग पडद्यावर येत नाही, आणि म्हणून तो घरातल्या माणसांच्याही नजरेआड होऊ लागला आहे, ही माझी तक्रार आहे. आज मी प्रामुख्याने तिच्याविषयीच बोलणार आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. ‘मास्टरशेफ’ ही स्पर्धा 1990 साली बीबीसीवर सुरू झाली आणि तिची हिंदी आवृत्ती 2010 साली स्टार प्लसवर आली. त्याआधी 1993 पासून झी टीव्हीवर संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ लोक वही-पेन घेऊन पाहत असत, आणि झी मराठीवरच्या ‘आम्ही सारे खवय्ये’ने तर थेट घराघरांतले ओटेच दाखवले. परंतु हे कार्यक्रम कृती सांगणारे होते. त्यांत हारजीत नव्हती. स्पर्धा आली आणि पदार्थाला प्रश्न विचारले जाऊ लागले. हा जिन्नस यात कशासाठी घातलास? आंबटपणा कुठून आणलास? कुरकुरीत काय आहे? लखनौच्या एका शाळेतल्या शिक्षिका, पंकज भदौरिया, हिंदी स्पर्धेच्या पहिल्या विजेत्या ठरल्या, तेव्हा ‘घरचा स्वयंपाक करणारी व्यक्ती’ ही ओळख पहिल्यांदाच राष्ट्रीय पातळीवर मानाने मिरवली गेली. घराघरांतली मुले बाबांच्या आमटीला गुण देऊ लागली, आणि त्या निमित्ताने बाबा आमटी करू लागले, हाही फायदा मी जमेस धरतो.

आता तक्रारीकडे वळतो. स्पर्धेत जिन्नस टेबलावर मांडून ठेवलेले असतात, धुतलेले, निवडलेले आणि बहुधा मोजलेलेही, आणि मग घड्याळ सुरू होते. मुंबईत राहणाऱ्या माणसाला जे खरोखर स्थानिक म्हणता येईल, ते बहुतेक सारे या घड्याळाच्या बाहेरचे आहे. पहिला पाऊस पडला की दादर, बोरिवली, कल्याण या स्थानकांबाहेर पालघर, ठाणे, रायगडकडच्या आदिवासी बायका रानभाज्यांच्या जुड्या घेऊन बसतात. आधी शेवळे येतात, मग टाकळा, कुर्डू, फोडशी, कवळा, भारंगी, आणि पुढे कंटोळी. आज टोपलीत काय असेल हे घरातून निघताना ठाऊक नसते. आत कोणते जिन्नस आहेत हे स्पर्धकाला ऐनवेळीच कळते अशा, स्पर्धेतल्या झाकलेल्या पेटीचे ज्यांना कौतुक वाटते, त्यांनी जुलै महिन्यात सकाळी सातच्या सुमारास दादरच्या फुलबाजाराच्या बाजूने एक फेरी मारावी.

शेवळांचेच उदाहरण जरा सविस्तर घेऊ, कारण स्थानिक जिन्नस हाताळणे म्हणजे नेमके काय असते, ते या एका भाजीत पुरते कळते. शेवळे म्हणजे सुरणाच्या कुळातल्या एका रानटी वनस्पतीचा फुलोरा. बाहेरून तो जांभळट-तपकिरी आवरणात गुंडाळलेला असतो. हे आवरण सोलले की आत दांडा दिसतो आणि त्याच्या खालच्या अंगाला पिवळसर दाणेदार भाग लागतो. तो काढून टाकावाच लागतो. या कुळातल्या वनस्पतींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, आणि साफसफाईत हयगय झाली की जिभेला आणि घशाला अशी खाज सुटते की जेवणारा पुन्हा त्या भाजीचे नाव काढत नाही. म्हणून चिरण्यापूर्वी हाताला तेल लावायचे, चिरलेली भाजी तेलावर चांगली परतायची, आणि काकड नावाच्या झाडाच्या आंबट फळांचा रस, ती न मिळाल्यास चिंच किंवा आमसूल, हात आखडता न घेता घालायचे. भाजी विकणारी बाई शेवळांसोबत काकडांचा वाटाही पुढे करते. तिच्या लेखी तो एकच सौदा असतो. पुढे कोणी त्यात कोलंबी घालते, कोणी सोडे, कोणी वालाची डाळ. ही सगळी हुशारी पातेले चुलीवर चढण्यापूर्वीची आहे, आणि तिला कोणत्याही परीक्षकाच्या तक्त्यात रकाना नाही.

वालाच्या बिरड्याचीही तीच गोष्ट. कायस्थ प्रभू आणि पाठारे प्रभू घरांत बिरड्याला जो मान आहे, तो त्यात खर्ची पडणाऱ्या वेळेला आहे, असे मला नेहमी वाटते. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा मोडाला धक्का न लावता सोलायचा. चिमटीत दाणा धरून मागच्या बाजूने हलकेच दाबला की तो सालीतून सुळकन निसटतो. हे एकदा बोटांना कळले की मग बोलता बोलता, दूरदर्शन पाहता पाहता, वाटीभर वाल सोलून होतात. नंतरची शिजवण फार तर अर्ध्या तासाची. नारळाचे दूध, गूळ, आमसूल घातले, आणि दाणे मोडू नयेत म्हणून डाव न फिरवता पातेलेच हलवले की काम झाले. आता दादरच्या बाजारात सोललेले वाल मिळतात आणि नोकरीच्या घरांत तेच आणले जातात, यात गैर काहीच नाही. मात्र सोललेल्या वालांचा भाव ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा पावशेर वाल स्वतः सोलून पाहावेत.

बोंबलाविषयी फार बोलत नाही, कारण या सभागृहातले निम्मे लोक माझ्यापेक्षा जास्त जाणतात. ओल्या बोंबलात पाणी इतके असते की कापून, काटा काढून, वजनाखाली दाबून ठेवल्याशिवाय तो तव्यावर कुरकुरीत होत नाही, आणि वजन काढण्याची घाई केली की रवा सुटून तव्याला चिकटतो. दरवर्षी 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिकी बोटींच्या मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांची तजवीज वर्सोवा-मढच्या कोळीवाड्यांत बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळत घालून कितीतरी आधी केलेली असते. ‘आज काय मिळते’ यासोबत ‘पुढे काय मिळणार नाही’ याचाही विचार करणारा हा स्वयंपाक आहे.

आपल्यापैकी कोणी म्हणेल की स्पर्धांनी साध्या अन्नाला प्रतिष्ठाही दिली आहे. दिली आहे, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण 2021 सालचे आहे. ऑस्ट्रेलियातल्या मास्टरशेफच्या अंतिम फेरीत बांगलादेशी वंशाच्या किश्वर चौधरी यांनी पांताभात मांडला. रात्रभर पाण्यात मुरलेला भात, सोबत बटाट्याचे भरीत आणि मासा. आपल्या आगरी-कोळी घरांतल्या पेज आणि सुक्या बोंबलाचा हा सख्खा शेजारी. त्या तिसऱ्या आल्या. मला या प्रसंगाचा आनंदही आहे आणि थोडी चुटपुटही. आनंद अशासाठी, की ‘शिळे’ म्हणून पाहुण्यांपासून लपवले जाणारे अन्न जगासमोर ताठ मानेने आले. चुटपुट अशासाठी, की पांताभातातला मुख्य घटक रात्र हाच आहे, आणि स्पर्धेच्या वेळेत रात्र बसत नाही. तिथे भाताच्या पाण्याला धुराचा वास देऊन तो पदार्थ सादर झाला. शिवाय आपल्याकडच्या किती जणांनी हे पाहून दुसऱ्या दिवशी घरी पेज केली? मी ज्यांना विचारले, त्यांतल्या बहुतेकांनी चॉकलेटचा एक घुमट करून पाहिला होता.

दूरच्या वाहिन्यांना आपण बदलू शकणार नाही. पण मुंबईत गणेशोत्सवात, नवरात्रात, महिला मंडळांत आणि गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत ज्या पाककला स्पर्धा होतात, त्या सर्वस्वी आपल्या हातात आहेत. आजचे त्यांचे स्वरूप मला फारसे रुचत नाही. गाजराची फुले आणि काकडीची होडी करण्यात सकाळ जाते, आणि परीक्षक येईपर्यंत सगळे गार झालेले असते. माझी सूचना अशी आहे की अशी एखादी स्पर्धा आषाढात घ्यावी, सर्व स्पर्धकांना आदल्या दिवशी फोडशीची एकेक जुडी द्यावी, आणि तिचा खालचा पांढरा दांडा कोणी किती काळजीने काढला, माती किती पाण्यांनी धुतली, यालाही चवीइतकेच गुण ठेवावेत. काहींना हे रटाळ वाटेल. गेल्या वर्षी एका मंडळात मी हे सुचवले तेव्हा मला हसून चहा देण्यात आला.

आणि परीक्षक म्हणून कोणी नामवंत आचारी बोलावण्यापेक्षा ती जुडी विकणाऱ्या बाईंनाच खुर्चीवर बसवावे. फोडशी कोवळी होती की जून, ती जास्त शिजली का, तिच्यात डाळ घालून तिची चव मारली का, हे त्या पहिल्याच घासाला सांगतील. फक्त त्यांना बोलावताना दिवसाचे मानधन आधी ठरवावे आणि त्यांची टोपली मंडळाने सकाळीच विकत घ्यावी, कारण दुपारपर्यंत भाजी मलूल होते आणि त्यांना संध्याकाळच्या गाडीने परत जायचे असते.