पोलिसांनी उतरवून घेतलेला आवाज

नमस्कार, श्रोतेहो.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गोवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता गांधीजींसह सगळे मोठे पुढारी पकडले गेले. वर्तमानपत्रांची तोंडं बांधलेली. सरकारी रेडिओवर सरकारला हवं तेवढंच. अशा दिवसांत, २७ ऑगस्टला, एका बेकायदा केंद्रावरून एका मुलीचा आवाज आला. हा काँग्रेस रेडिओ, ४२.३४ मीटरवर, हिंदुस्थानात कुठून तरी बोलतो आहे, असं ती सांगत होती.

ती उषा मेहता. वय वर्षं २२. विल्सन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झालेली. पुढं कायद्याचा अभ्यास चालू होता, तो तिनं चळवळीसाठी सोडला. सोबत विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाखर असे तरुण साथीदार. भाषणांमागं राममनोहर लोहिया आणि आपले अच्युतराव पटवर्धन.

‘कुठून तरी’ म्हणजे कुठून, हे आज आपल्याला माहीत आहे. चौपाटीवरची सी व्ह्यू इमारत, म्हणजे विल्सन कॉलेजच्या अगदी पंचक्रोशीत. मग लॅबर्नम रोडवरचा अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरचं लक्ष्मी भुवन, शेवटी गिरगावातली पारेख वाडी. पोलिसांची गाडी माग काढत यायची, म्हणून जागा सतत बदलायची. विदर्भातल्या आष्टी-चिमूरमध्ये बेचाळीसच्या उठावात लोकांवर काय गुदरलं, ते सरकार दाबून टाकत होतं. ते या केंद्रानं देशाला सांगितलं. विदर्भातल्या श्रोत्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आता मला मनापासून सांगायचं आहे ते वेगळंच. ही भाषणं आज आपल्याला वाचायला मिळतात, ती कुणामुळं? भूमिगत माणसं कागद जपत नाहीत. कागद सापडला की माणूस सापडतो. कागद जपले ते पोलिसांनी. ते रेडिओ लावून बसायचे, कार्यक्रम ऐकायचे आणि उतरवून घ्यायचे, खटल्यात पुरावा म्हणून. ज्या आवाजाचा गळा दाबायचा होता, तोच आवाज त्यांनी फायलीत बांधून ठेवला.

विद्यार्थी चळवळीचा आपल्याकडचा बराचसा इतिहास असाच सापडतो. महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागार मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. गृह खात्याच्या ‘स्पेशल’ शाखेच्या जुन्या फायली तिथं आहेत. एकाच छपराखाली एकीकडं पोरं शिकत आली आणि दुसरीकडं सरकारला नको असलेल्या चळवळींवर ठेवलेल्या पाळतीचे कागद साठत आले. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. विद्यार्थ्यांनी स्वतः जे लिहिलं, ते मात्र परीक्षेनंतरच्या रद्दीत जातं.

पण पाळतीच्या कागदात काय येतं? नाव, वय, पत्ता, जप्त मालाची यादी. १२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री पारेख वाडीवर धाड पडली, तेव्हा यंत्रसामग्री गेली आणि काँग्रेस अधिवेशनांच्या छायाचित्रांनी, बोलपटांच्या रिळांनी भरलेल्या २२ पेट्याही गेल्या. खटला चालला. बाबूभाईंना पाच वर्षं, उषाबेनना चार वर्षं, चंद्रकांतना एक वर्ष. विठ्ठलदास सुटले, आणि ज्यांच्या शिकागो रेडिओ कंपनीची मदत झाली ते नानक मोटवानीही सुटले. हा झाला फायलीचा हिशेब.

धाडीच्या त्या क्षणी खोलीत काय चाललं होतं, ते उषाबेननी पुढं स्वतः सांगितलं. कार्यक्रमाच्या शेवटी ‘वंदे मातरम्’ची तबकडी लागलेली होती. पोलिस दारं फोडून आत आले आणि ती बंद करा म्हणाले. त्या म्हणाल्या, बंद होणार नाही, हे आमचं राष्ट्रगीत आहे, तुम्हीही सावधान उभे राहा. बावीस वर्षांची मुलगी, समोर बंदूकधारी पोलिस! उषाबेनची मुलाखत केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्राच्या मौखिक इतिहास संग्रहात आहे. ज्या साम्राज्यानं त्यांना येरवड्यात ठेवलं, त्याच देशातल्या विद्यापीठात त्यांचं म्हणणं सांभाळलं गेलंय. याचं समाधान वाटतं, आणि खरं सांगायचं तर थोडी रुखरुखही लागते. १९४६ मध्ये सुटल्यावर त्यांनी गांधीविचारावर पीएच.डी. केली, विल्सन कॉलेजातच वर्षानुवर्षं शिकवलं. त्यांच्याकडं शिकलेले विद्यार्थी आजही आपल्यात आहेत.

आणि हे फक्त १९४२ चं नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. मधली साडेपंधरा वर्षं किती पोरांनी वसतिगृहाच्या खोल्यांत रात्र रात्र जागून पत्रकं लिहिली, चक्रमुद्रित केली, मोर्च्याची गाणी वहीत उतरवली! त्यांतली पुष्कळ मंडळी आज साठी-सत्तरीत आहेत. त्या वह्या कुठल्यातरी माळ्यावर, जुन्या पेटीत असणार.

तेव्हा श्रोतेहो, तुमच्या घरात असं काही असेल, एखादं पत्रक, संपाची नोटीस, गॅदरिंगचा किंवा मोर्च्याचा फोटो, तर एवढं करा. फोटोच्या मागं पेन्सिलीनं गाव, साल आणि ओळीनं माणसांची नावं लिहा. शाई नको, ती कागदातून पुढं उतरते. टाचण्या काढून टाका, गंजतात. चिकटपट्टी लावू नका. पत्रक फाटलं असेल तर फाटलेलंच सपाट पाकिटात ठेवा. आणि ज्यांनी ते लिहिलं, ते हयात असतील तर त्यांच्यासमोर मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून पहिला प्रश्न हाच विचारा, की त्या दिवशी खोलीत कोण कोण होतं.

धन्यवाद. नमस्कार.