शॉकअप घ्यायच्या आधी फुटपट्टी घ्या

बसा बसा, खुर्च्या कमी पडल्यात तर दोघंतिघं त्या टायरवर बसलात तरी चालेल, जुनेच आहेत. तर पोरं मागे लागली होती की काका तुम्ही त्या मियाटापाशी इतकी वर्षं खटपट करताय, एकदा शॉकअपवर बोला. म्हटलं बोलतो, पण कुठला ब्रँड घ्यायचा हे पहिल्या पाच मिनिटांत विचारायचं नाही. बरोब्बर तोच प्रश्न आत्ता दारातच एकाने विचारला, नाव घेत नाही.

ही समोर उभी आहे ती १९९४ची माझदा मियाटा. १९८९ला शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा दाखवली, सुरुवातीला १.६ लिटरचं इंजिन होतं, ९४पासून १.८ आलं. चारही चाकांना डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन आर्मनी, दांड्यांनी, धरलेलं, या किमतीच्या गाडीला हे म्हणजे चैनच. पण गाडी मुळातच बुटकी आणि हलकी, त्यामुळे सस्पेन्शनला वरखाली व्हायला जागा आधीच बेताची, आणि त्यात आपण लोअरिंग स्प्रिंग टाकून गाडी आणखी खाली बसवतो कारण चाक आणि मडगार्डमधली ती फट आपल्याला बघवत नाही. मलाही बघवत नव्हती, खोटं कशाला बोलू.

मी घेतली तेव्हा गाडी आधीच सव्वा इंच खाली होती, म्हणजे ३२ मिलिमीटर धरा. शॉकअप मेलेले. एका दुकानात गेलो तर काउंटरवरचा म्हणाला हे हेवी ड्युटी घ्या, कडक आहेत, लोअर केलेल्या गाडीला कडकच लागतात. घेतले. सगळे ओरिजिनलच्या लांबीचे, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पहिले दोन महिने भारी वाटलं. मग एकदा हायवेवरून उतरताना रॅम्पच्या वळणात पुलाचा सांधा आला, ठाप्प असा आवाज आला आणि मागचा भाग बाजूला सरकला, अख्खी लेन नाही पण अर्धी तरी. वेग फार नव्हता, पाऊस नव्हता. मला वाटलं टायर गेले. टायर बदलले. तरी तेच. आणि चौदा महिन्यांत मागचा डावा शॉकअप तेल गाळायला लागला.

मग डोक्यात प्रकाश पडला, आणि तोही कसा, शॉकअप काढून टेबलावर ठेवला आणि फुटपट्टी घेतली तेव्हा. या शॉकअपच्या दांड्यावर वरच्या बाजूला फोमचा तुकडा असतो, बंप स्टॉप. शॉकअप पूर्ण दबायला आला की तो मधे येतो आणि लोखंडावर लोखंड आपटू देत नाही. गाडी नुसती उभी असताना माझ्याकडे मागे त्या स्टॉपपर्यंत मोकळी जागा किती होती? १२ मिलिमीटर. बारा! आपल्या अंगठ्याच्या नखाएवढी. ह्या विशबोनच्या रचनेत चाक १० मिमी वर गेलं की शॉकअप साधारण ७ मिमी दबतो, कारण तो आर्मवर आतल्या बाजूला बसलेला असतो. म्हणजे चाकाला १७ मिमीचा उंचवटा लागला की खेळ खलास, आणि मिशिगनमध्ये बर्फ वितळल्यावरचे खड्डे तुम्ही रोज बघताय, १७ मिमीला तर इथे खड्डा म्हणत पण नाहीत. पुण्याहून आलेल्यांना तर हे सांगायलाच नको.

आता वळणात काय होतं ते नीट ऐका, कारण सगळी गंमत इथेच आहे. वळणात बाहेरच्या बाजूची चाकं आधीच दबलेली असतात, म्हणजे ते १२ मिमीसुद्धा संपत आलेले. त्यात सांधा आला की मागचा शॉकअप स्टॉपवर बसतो आणि त्या चाकाला वाटतं की स्प्रिंग एकदम तीनचार पट कडक झाली, टायरवर झटका येतो आणि पकड सुटते. मागे झालं तर गाडीचं बूड फिरतं, पुढे झालं तर गाडी वळतच नाही, सरळ जाते. आपण म्हणतो गाडी ट्विची आहे, म्हणजे उगाच बिचकते, ट्विची नसते हो, ती फोमवर चालत असते.

गाडी खाली बसवली की ओरिजिनल लांबीचा शॉकअप उभ्या उभ्याच दबलेला राहतो, म्हणून माझं म्हणणं एवढंच की लोअर केलेल्या गाडीला शॉकअप निवडताना पहिला आकडा लांबीचा, कडकपणाचा नंतर. कडकपणाचं गणित खरं तर तेवढं भयंकर नाहीच. समजा नवीन स्प्रिंग ४० टक्के कडक आहे, तर तिची उसळी आवरायला डॅम्पिंग, म्हणजे शॉकअपचा अडथळा, ४० टक्के जास्त लागत नाही, ते वर्गमुळात जातं, १.४चं वर्गमूळ १.१८, म्हणजे १८ टक्के जास्त पुरतं. इंजिनियर लोक मान डोलावतायत, बाकीच्यांनी विश्वास ठेवा. लोक मात्र दुप्पट कडक शॉकअप घेतात आणि मग पाठीच्या मणक्याला दोष देतात.

लांबीचं उदाहरण बिलस्टीन या शॉकअपच्या कंपनीचं देतो कारण त्यांचं सरळ आहे. बी सिक्स म्हणजे ओरिजिनल उंचीच्या गाडीसाठी, बी एट म्हणजे लोअर केलेल्या गाडीसाठी आखूड केलेला. प्रत्येक गाडीला दोन्ही मिळतील असं नाही, म्हणून यादी बघूनच पैसे द्या. हे मोनोट्यूब, म्हणजे एकच नळी, तेल आणि खाली दाबाखालचा गॅस, दोघांना वेगळं ठेवणारा मधे एक सरकता पिस्टन, त्यामुळे तेलाचा फेस होत नाही. डी कार्बन नावाच्या फ्रेंच माणसाची ती मूळ कल्पना, आणि १९५७ला मर्सिडीजने ते आपल्या गाड्यांवर बसवायला सुरुवात केली. एकच तोटा, नळीवर दगडाने पोचा आला की पिस्टन तिथेच घासतो आणि शॉकअप बाद. ट्विन ट्यूबमध्ये, म्हणजे नळीत नळी, बाहेरच्या नळीला पोचा आला तरी आतली सुरक्षित असते. कोनी कंपनीचे पिवळे शॉकअप बहुतेक ट्विन ट्यूबच, त्यांना नॉब असतो, पण तो फक्त रिबाउंड बदलतो, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उघडते तो वेग. खड्ड्यात आपटत असेल तर नॉब फिरवून जागा वाढत नाही, माझ्या एका मित्राने तो रोज सकाळी फिरवून बघितलाय.

आणि ते स्वस्तातले कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेला तयार जोड, नॉबला बत्तीस क्लिक वगैरे. क्लिक कितीही असोत, पहिल्या आणि शेवटच्या क्लिकमध्ये प्रत्यक्ष फोर्स किती बदलतो ह्याचा ग्राफ मागा. देत नसतील तर त्या नॉबला रेडिओचा नॉब समजा.

मी शेवटी काय केलं? बिलस्टीनच घेतले, ९४च्या आर पॅकेजमध्ये, म्हणजे मियाटाच्या जरा स्पोर्टी प्रकारात, माझदाने स्वतः तेच दिले होते. पण आखूड नाही मिळाले, म्हणून वरचे माउंट, म्हणजे शॉकअप गाडीला जिथे अडकतो ते तुकडे, बदलले, पुढच्या पिढीच्या मियाटाचे, एनबीचे टाकले, त्यात शॉकअपचं वरचं टोक जरा उंच बसतं आणि जागा मिळते. शिवाय बंप स्टॉप जुने काढून आखूड आणि हळूहळू कडक होत जाणारे टाकले. स्टॉप अजिबात कापून फेकू नका, काही लोक कापतात, मग लोखंडच आपटतं.

बसवताना दोन गोष्टी. दांडा पकडीने धरायचा नाही, एक ओरखडा सील फाडायला पुरेसा आहे. आणि खालच्या आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना करकचून आवळू नका, गाडी चाकांवर उभी करा, मग आवळा, नाहीतर आतलं रबर बुश कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठामुळे अलाइनमेंटचे कॅम बोल्ट, म्हणजे चाकांचा कोन जुळवायचे बोल्ट, गंजून बसलेले असतात, त्याला आदल्या दिवशीपासून तेल मारत राहा, शिव्या नंतर.

कोण विचारतंय, बदलल्यावर कळणार कसं? बॉनेट दाबून बघण्याने काही कळत नाही, त्याने फक्त मेलेला शॉकअप कळतो. दांड्यावर एक केबल टाय बांधा, फार घट्ट नाही, आणि खाली सरकवून शॉकअपच्या नळीला टेकवा. रोजच्या रस्त्याने चक्कर मारून या. शॉकअप जितका दबला तितकी ती टाय वर ढकललेली राहते. स्टॉपमध्ये घुसली असेल तर जागा अजून कमी आहे. माझी काल ऑफिसला जाऊन आल्यावर स्टॉपच्या चार मिमी खाली थांबली होती, दांड्यावरचं धूळ अडवणारं रबर वर केलंय, मागचं डावं चाक काढून ठेवलंय, एकेकाने या आणि बघा, टॉर्च त्या स्टुलावर आहे.