जिल्ह्याची माणसं मोजायची कुठे?

मंडळी, सिंधुदुर्गाबद्दल बोलायचं तर मी एका आकड्यापासून सुरुवात करतो. २००१च्या जनगणनेत या जिल्ह्यात ८,६८,८२५ माणसं होती. २०११ला भरली ८,४९,६५१. दहा वर्षांत एकोणीस हजार कमी! त्याच दशकात अख्खा महाराष्ट्र सोळा टक्क्यांनी वाढला. राज्यात घट झाली ती तीनच जिल्ह्यांत: सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि मुंबई शहर. गंमत बघा, चाकरमानी जिथून निघतो ते दोन जिल्हे, आणि पूर्वी तो जिथे जाऊन उतरायचा ते गिरणगाव ज्या जिल्ह्यात आहे तो तिसरा. आता त्याचा मुक्काम विरारला, नाहीतर डोंबिवलीला.

जनगणना माणसाला त्याच्या नेहमीच्या राहत्या ठिकाणी मोजते. त्यामुळे गणपतीत घर भरलं काय आणि शिमग्याला पालखीमागे गर्दी झाली काय, पाहुणा तो पाहुणाच. मागे कोण राहतं ते लिंग गुणोत्तर सांगतं: हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया. राज्याचा आकडा ९२९. बायका जास्त आहेत याचं कौतुक करू नका. पुरुष गावात नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

आता विभागणी. १ मे १९८१ला रत्नागिरीतून हा जिल्हा वेगळा झाला. मुख्यालय ओरोसला, म्हणजे धड कुडाळ नाही, धड कणकवली नाही. तालुके आठ: देवगड, वैभववाडी, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी, दोडामार्ग. यातला दोडामार्ग सगळ्यांत धाकटा, सावंतवाडीतून निघालेला. महसुलाची उतरंड तुम्हाला पाठ असेलच. जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी, तहसीलदार, मंडळ अधिकारी आणि शेवटी सजावरचा, म्हणजे काही गावांच्या गटावरचा, तलाठी. शेजारी दुसरी उतरंड जिल्हा परिषदेची. दोन्ही गावापाशी येऊन थांबतात.

कोकणातलं गाव मात्र गावापाशी थांबत नाही. इथे गाव म्हणजे वाड्या. एक वाडी व्हाळापलीकडे म्हणजे ओढ्यापलीकडे, एक वर सड्यावर म्हणजे कातळाच्या पठारावर, एक खाली खाडीकाठी. कागदावर गाव एक, पण सड्यावरच्या म्हातारीला रेशन दुकान तासाभराच्या वाटेवर. जिल्ह्याची सरासरी घनता चौरस किलोमीटरला १६३ माणसं, आणि ती चढणीवरच्या वाडीत शोधून सापडणार नाही. खरं प्रशासन वाडीपासून सुरू व्हायला हवं, असं माझं आपलं मत.

माणसं नेमकी कुठे गेली ते बघायचं असेल तर जनगणनेची पुस्तकं नकोत, एखादा सातबारा काढा. दहा-बारा गुंठ्यांचा तुकडा आणि त्यावर वीस-पंचवीस नावं. कोणापुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, कोणाची वारस नोंद झालेली, कोणाची राहिलेली. चुलते, चुलतभाऊ, लग्न होऊन गेलेल्या आत्या. जमीन विकायची असो की वाटप करायचं असो, या सगळ्यांच्या सह्या लागतात. म्हणून काजू लावायचं राहतं, शेतातला मांगर (झोपडं) पडतो, आणि कुळागराला, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेला, पाणी कोणी द्यायचं यावर फोनवर भांडणं होतात. जनगणनेत जी माणसं जिल्ह्यातून वजा झाली, ती तलाठ्याच्या दप्तरात अजून तिथेच आहेत, एकही कमी न होता.