अनुदान द्यावं, पण आधी कागद

श्रोतेहो, नमस्कार.

बेताची मिळकत असलेल्या माणसाला घर घेताना सरकारनं पैसे द्यावेत का, हा आजचा विषय. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. द्यावेत. मात्र कर्जाच्या व्याजावर द्यायच्या आधी जागेच्या कागदावर खर्च करावेत. हे वाक्य मी पुन्हा म्हणणार आहे, कारण रेडिओचं पान मागं उलटता येत नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग जून २०१५ मध्ये सुरू झाला. त्यात व्याज अनुदान होतं. वर्षाला ६ लाखांपर्यंत मिळकत असेल, तर पहिल्या ६ लाखांच्या कर्जावर साडेसहा टक्के. वीस वर्षांचं अनुदान आजच्या किमतीत मोजायचं आणि कर्जखात्यात एकदम जमा करायचं, जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार. ९ टक्क्यांनी ६ लाखांचा हप्ता ५,४०० च्या आसपास बसतो. अनुदान मुद्दलातून वजा झालं की तोच ३,००० वर येतो. म्हणजे महिन्याला २,४०० रुपये हातात राहतात. ज्या घरात मजुरी आठवड्याच्या आठवड्याला येते, तिथं हा महिन्याचा किराणा आहे. त्यामुळं अनुदान फुकट जातं असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

आता बेळगावातल्या वडगावची गोष्ट. ही जरा सावकाश सांगतो.

वडगाव, खासबाग, शहापूर इथं मागाची खडखड ऐकत वाढलेल्यांना हे घर लगेच दिसेल. पुढच्या खोलीत यंत्रमाग, मागच्या खोलीत संसार, आणि दोन्ही खोल्या भाड्याच्या. नवरा मागावर, काकू कांड्या भरणार. भिशी लावून, रात्रपाळी करून दोघांनी ४ लाख जमवले. गावाबाहेर एका शेतात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले होते, वीस बाय तीसचे. एजंट म्हणाला, "काकू, एन.ए., म्हणजे बिगरशेती, होणारच आहे बघा. आत्ता घ्या, नंतर डबल होतंय." १०० रुपयांच्या बाँडवर लिहिणं झालं. नोटरीचा गोल शिक्का, दोन साक्षीदार, दोघांचे फोटो. काकूंनी तो बाँड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिठाच्या डब्यामागं ठेवला. खंडेनवमीला मागाची पूजा झाली की तो बाहेर निघायचा आणि त्यालाही हळदकुंकू लागायचं.

२०१८ मध्ये दोघं बँकेत गेले. साहेबांनी खरेदीखत मागितलं, ईसी म्हणजे जागेवरचा बोजा दाखवणारा दाखला मागितला, एन.ए.चा आदेश, लेआउटची मंजुरी, ई-खातं म्हणजे मालमत्तेची ऑनलाइन नोंद मागितली. काकूंनी पिशवीतून बाँड काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी दोन्ही बाजू वाचल्या, घडी होती तशी घातली आणि म्हणाले, "हा तुमच्यातला व्यवहार झाला ओ. जागा अजून तुमची झाली नाही."

काकूंना हे खरं वाटेना. शिक्का आहे, सही आहे, पैसे तर रोख मोजलेत. पण कायदा असा आहे की १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या जागेची विक्री नोंदणी केलेल्या खतानंच पुरी होते. वटमुखत्यार आणि करारनाम्यावर मालकी जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंही २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. पुन्हा सांगतो, नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरी सही कोणाची ते बघतो. जागा कोणाची, ते सबरजिस्ट्रारच्या नोंदीवरून बघायचं.

मग दोघं मूळ शेतकऱ्याकडं गेले, तर तो वारला होता. उताऱ्यावर आता सहा वारस. एक मुलगी चंदगडला दिलेली, एक मुलगा पुण्यात. एकाला वाढीव पैसे हवे होते, एकाला मुळात विकलेलंच मान्य नव्हतं. सगळे तयार झाले असते तरी जमीन शेतीचीच. बिगरशेतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडं जायचं, आकार भरायचा, तोही सगळ्या प्लॉटवाल्यांनी मिळून. निम्मे पैसे काढायला तयार, निम्मे म्हणत होते की थांबून बघू.

तेवढ्यात ऑगस्ट २०१९ चा पाऊस आला. विणकरांच्या वस्तीत घराघरांत पाणी शिरलं, माग पाण्यात उभे राहिले. काकूंच्या मागाचा खालचा सांगाडा गंजला, सूत वाया गेलं. तेव्हा त्यांनी ठरवलं, प्लॉट राहू दे, कागद चोख असलेलं तयार घर बघू. मिळालंही. दोन खोल्या, ई-खातं स्वच्छ, मागाला पुढं जागा. मालक १४ लाख म्हणाला. बोलता बोलता काकूंच्या तोंडून अनुदानाचं निघालं. पुढच्या आठवड्यात तोच मालक साडेपंधरा म्हणाला. "सरकार तुम्हाला देतंयच की."

श्रोतेहो, इथं क्षणभर थांबा. चोख कागदाची घरं थोडी आणि घेणारे पुष्कळ असले की अनुदानाचा मोठा वाटा विकणाऱ्याच्या खिशात जातो. घरं भरपूर असती तर त्या मालकाला दीड लाख वाढवायची छाती झाली नसती. काकू पैशांची जुळवाजुळव करत राहिल्या आणि ३१ मार्च २०२२ ला त्यांच्या गटाचं व्याज अनुदान बंद झालं. आजही त्या भाड्यानं राहतात. बाँडला अजून हळदकुंकू लागतं.

म्हणून म्हणतो, आधी कागद. सरकारनं शहराकडेची जमीन घेऊन रस्ता, गटार, पाणी घालून छोटे प्लॉट नोंदणीसह द्यावेत. बाँडवाल्या वस्त्यांची मोजणी करून जी नियमात बसते ती बसवावी. अर्ज आणि सूचना कन्नडबरोबर मराठीतही छापाव्यात. ज्या अटीवर माणसाचं घर ठरतं, ती अट त्याला स्वतःला वाचता आली पाहिजे, आणि सीमाभागात ही मागणी कोणावर उपकार म्हणून करायची नाही.

खेड्यातलं गणित वेगळं. तिथं सपाट भागात घर बांधायला केंद्राच्या ग्रामीण योजनेतून १ लाख २० हजार मिळतात, किमान २५ चौरस मीटरच्या घराला. म्हणजे साधारण २६९ चौरस फूट, फुटाला साडेचारशे रुपये. एवढ्यात भिंती उभ्या राहतात, स्लॅब होत नाही. शिवाय आपल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडं लाल माती आणि चिरा, पाया तीन फुटांत भागतो. अथणीकडं काळं रान, तिथं खाली उतरावं लागतं, नाहीतर दुसऱ्या उन्हाळ्यात भिंतीला तिरकी भेग पडते. रक्कम मात्र दोघांना एकच. हप्ते कामाच्या टप्प्याचा फोटो चढल्यावर येतात. फोटो अडकला की हप्ता अडकतो, गवंडी दुसऱ्या कामावर जातो आणि जोत्यातून वर आलेल्या सळ्या पावसात गंजतात. अशा सळ्या तारेच्या ब्रशनं घासल्याशिवाय पुढचं काँक्रीट घालू देऊ नका. आणि वास्तुशांतीच्या जेवणावळीला काढून ठेवलेले पन्नास हजार आधी स्लॅबला लावा. पाहुणे पुढच्या वर्षीही जेवतील.

आता शहरी योजनेचा दुसरा टप्पा चालू आहे. १ सप्टेंबर २०२४ पासून मंजूर झालेल्या कर्जांसाठी. वर्षाची मिळकत ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वर्षांच्या पाच हप्त्यांत. कुटुंबाच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर नको. एक गोष्ट लक्षात ठेवा. अनुदानाचा हप्ता जमा होताना कर्ज चालू असावं लागतं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असावं लागतं. भिशी लागली म्हणून घाईनं कर्ज फेडलंत तर उरलेलं अनुदान जातं.

आणि टोकन द्यायच्या आधी, एक रुपयाही द्यायच्या आधी, इतकं करा. आजच्या तारखेचा उतारा काढा आणि विकणाऱ्याचं नाव त्यावर आहे का बघा. नावं सहा असतील तर सह्याही सहा लागतात. ईसी तेरा वर्षांची नको, तीस वर्षांची काढा. नोंदणी झालेला बोजा असेल तर त्यात दिसतो. ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तूचा, म्हणजे कर्नाटकातल्या ऑनलाइन मालमत्ता नोंदीचा, नमुना ९ आणि ११ मागा, शहरात ई-खातं मागा. हेस्कॉमचं वीजबिल आणि घरपट्टीची पावती दाखवून कोणी मालक म्हणून उभा राहिला तर त्या पावत्या परत द्या. त्यांच्यावरून वीज कोण वापरतं आणि पट्टी कोण भरतं एवढंच कळतं. हे सगळे कागद जुळले की त्यांच्या झेरॉक्स घेऊन आधी बँकेत जा, बँकेच्या वकिलाला दाखवा, आणि त्यानं होकार दिल्यावरच मालकाच्या दारात टोकन घेऊन जा. अनुदानाचं नाव तिथं काढू नका.

नमस्कार.