गोष्ट कुत्रा सांगतो, तरी रहस्य टिकते कसे?

नमस्कार. १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या शेरलॉक होम्सच्या एका कथेत शर्यतीचा घोडा रात्रीतून तबेल्यातून नाहीसा होतो. त्या रात्री तबेल्यातला कुत्रा भुंकला नाही, एवढ्यावरून होम्स ताडतो की घोडा नेणारा माणूस कुत्र्याच्या ओळखीचा होता. आता अशी कल्पना करा की ती कथा होम्सचा मित्र वॉटसन याच्याऐवजी त्या कुत्र्यानेच सांगितली असती. ‘रात्री आपले नेहमीचे गृहस्थ आले, मी शेपूट हलवली आणि पुन्हा झोपलो,’ असे म्हणून त्याने पहिल्याच परिच्छेदात सगळे उरकले असते. म्हणजे कुत्र्याला निवेदक करणे हे रहस्यकथाकाराने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेण्यासारखे दिसते. तरीही अशा कादंबऱ्या लिहिल्या जातात आणि आवडीने वाचल्या जातात.

यातले ठळक उदाहरण म्हणजे पीटर अब्राहम्स या अमेरिकी लेखकाने स्पेन्सर क्विन या टोपणनावाने लिहिलेली चेट आणि बर्नी यांची मालिका. तिची पहिली कादंबरी, ‘डॉग ऑन इट’, २००९ साली आली. बर्नी लिटल हा अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटी मुलखातला, पैशाची कायम ओढाताण असलेला खासगी गुप्तहेर, आणि चेट हा त्याचा कुत्रा. सगळी हकिकत चेट सांगतो. मात्र तो माणसांशी बोलू शकत नाही, आणि सगळी गंमत या एका अटीत आहे.

कुत्र्याच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी २० कोटींहून अधिक मानल्या जातात, माणसाच्या नाकात सुमारे ५० ते ६० लाख. उलट लाल आणि हिरवा यांतला फरक त्याला नीट कळत नाही. त्यामुळे खोलीत काल कोण येऊन गेले हे ज्याला दारातच समजते, पण बाहेरच्या गाडीचा रंग ज्याला खात्रीने सांगता येत नाही, असा विलक्षण साक्षीदार लेखकाला मिळतो. एकच वास दोन ठिकाणी आला, एवढे तो प्रामाणिकपणे नोंदवतो. त्याचा अर्थ वाचक लावतो. आणि ज्याला तो कळायला हवा तो बर्नी मात्र भलत्याच दिशेने निघालेला असतो. वाचकाचा जीव टांगणीला लागतो तो इथे, कारण त्यालाही बर्नीला हाक मारता येत नाही.

१९२९ साली रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांतला एक असा की गुप्तहेराच्या मित्राने मनात आलेला कोणताही विचार वाचकापासून लपवू नये आणि त्याची बुद्धी सामान्य वाचकाहून किंचित कमी असावी. माणसाच्या बाबतीत हा नियम पुढे पुढे जाचक होतो. पुस्तकामागून पुस्तक ज्याला काहीच उमगत नाही अशा मित्राला खांद्याला धरून गदागदा हलवावेसे मला तरी अनेकदा वाटले आहे. कुत्र्यावर असा राग धरता येत नाही. शिवाय बर्नी आपला तर्क उलगडू लागला आणि तेवढ्यात चेटला सोफ्याखाली खाण्याचा तुकडा दिसला, तर पुढचे वाक्य ऐकायचे राहून गेले याबद्दल कोणी त्याला लबाड म्हणणार नाही. लेखकाने माहिती दडवलेली असते, पण निवेदकाने नाही.

विनोद निघतो तोही याच अपुऱ्या समजुतीतून. चेट वाक्प्रचार शब्दशः घेतो, त्यामुळे या पुस्तकांचा अनुवाद कठीण असणार. परंतु मराठीत स्वतंत्रपणे असा निवेदक घडवायला भरपूर वाव आहे. गुप्तहेराने ‘इथे कुठेतरी पाणी मुरतंय’ असे म्हणावे आणि कुत्र्याने भिंतीचा कोपरा न् कोपरा हुंगून ती कोरडी असल्याचे गंभीरपणे कळवावे. हा विनोद फार लांबवला तर कंटाळवाणा होतो, हेही खरे. चेटला दोनच्या पुढे मोजता न येणे पहिल्यांदा हसवते, दहाव्यांदा नाही.

चेट पोलिसांच्या श्वानशाळेत नापास झाला होता, तेही अगदी शेवटच्या दिवशी. त्या प्रकरणाशी एका मांजरीचा काही संबंध होता, असे तो सांगू लागतो, आणि मग त्याचे लक्ष दुसरीकडे जाते.